आंबा-कुंडलिकेच्या काठची नवी भूमी

शाळेच्या पुस्तकांतून आपण जो भूगोलशोधांचा इतिहास शिकलो, त्यात भूमी ही कोणीतरी शोधून काढावयाची वस्तू असते आणि ती शोधणारा पुरुष बहुधा जहाजाच्या नाळेवर उभा असतो. १४९२ मध्ये कोलंबस पश्चिमेकडील बेटांवर उतरला, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्यास लागला, १५०० मध्ये काब्रालच्या आरमाराला ब्राझीलचा किनारा दिसला, ही सनावळी आपल्याला तोंडपाठ असते. परंतु ज्या किनाऱ्यांना ही गलबते लागली तेथे त्या दिवशी कोण नांगर धरून उभा होता, त्याच्या शेतात काय पिकत होते, आणि ते पीक तरी तेथे मुळात कोठून आले होते, हे प्रश्न त्या पुस्तकांना क्वचितच पडतात. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे दोन तालुके या प्रश्नांचा विचार करण्यास फार सोयीचे आहेत. येथे दूरदेशीचे प्रवासी आले, दूरदेशीची बीजे आली, आणि या दोहोंच्या येण्याजाण्याची फारशी दखल न घेता समुद्राकडून बिघ्याबिघ्याने जमीन मिळवणारा शेतकरी येथे पिढ्यानुपिढ्या राबत राहिला. प्रवाशांची नावे बखरींत, रोजनिशींत आणि दफ्तरांत उरली. शेतकऱ्याचे नाव उरले नाही. तथापि नवी भूमी आणि नवे बीज यांना या मुलखात जी स्थिरता आली ती त्याच्या निवडीमुळे आली, हे येथील जमिनीचे थर क्रमाने पाहिले म्हणजे ध्यानात येते.

सह्याद्रीच्या धारेपासून धरमतर आणि रेवदंडा या दोन खाड्यांपर्यंतचे अंतर थोडे. परंतु एवढ्या थोड्या अंतरात तीन प्रकारच्या जमिनी एकीखाली एक लागतात. सर्वांत वर डोंगरउतारावरील वरकस जमीन, जेथे माती उथळ आणि पाणी क्षणभरही न थांबणारे. तिच्याखाली आंबा, भोगावती आणि कुंडलिका या नद्यांच्या खोऱ्यांतील गोड्या पाण्याची भातखाचरे. आणि सर्वांत खाली, भरतीचे पाणी जेथपर्यंत चढते तेथे, खारेपाट. पिकांचा इतिहासही या तीन पायऱ्यांवर निरनिराळा लिहिलेला आहे. प्रत्येक पायरीवर जे उगवते ते वेगळ्या वाटेने, वेगळ्या काळी आणि वेगळ्या लोकांच्या हातून येथे पोहोचलेले आहे.

वरच्या पायरीपासून आरंभ करू. डोंगरातील ठाकूर आणि कातकरी यांची पूर्वापार शेती म्हणजे दळीची शेती. उतारावरील झाडोरा तोडून तो उन्हाळ्यात जाळावयाचा, पहिल्या पावसाबरोबर त्या राखेत नाचणी, वरी किंवा कारळा पेरावयाचा, दोन-तीन वर्षांत जमिनीचा कस उतरला की ती जागा पुन्हा रानाच्या स्वाधीन करून दुसरीकडे जावयाचे, अशी ही फिरती शेती. इंग्रजी अमलात १८७८ च्या वन-कायद्यानंतर जंगलखात्याने या फिरतीला कुंपण घातले, ठराविक दळी प्लॉट नेमून दिले, आणि त्या नेमणुकीतून उत्पन्न झालेले हक्कांचे तंटे २००६ च्या वनहक्क कायद्याच्या काळापर्यंत चालत आले. ही शेती मागासलेली म्हणून तिच्याकडे पाहण्याची रूढी आहे. परंतु तिच्यातील पिकांची वंशावळ पाहिली तर कोणाही दर्यावर्दीला हेवा वाटावा. नाचणी ही मूळची पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांवरची, आजच्या इथिओपिया-युगांडाकडील. कारळा हाही इथिओपियाचा. वरी मात्र आपल्याच उपखंडातील, सिंधुसंस्कृतीच्या लोकांनाही परिचित असलेली. म्हणजे रोह्याच्या एखाद्या वाडीवर दळीच्या एकाच तुकड्यात जेव्हा नाचणी आणि वरी शेजारी शेजारी डोलतात, तेव्हा अरबी समुद्राच्या दोन काठांवरील अतिप्राचीन कृषी तेथे एकत्र नांदत असते. नाचणी इसवी सनापूर्वीच हिंदुस्थानात येऊन रुळली होती. ती आणणाऱ्या तांडेलाचे नाव, त्याच्या गलबताचा आकार, त्याच्या राजाचा हुकूम यांपैकी काहीही आपल्यापर्यंत आलेले नाही. अन्नाची शिदोरी म्हणून बरोबर घेतलेले चार मुठी दाणे कोणीतरी पावसाळ्याच्या तोंडी मातीत टाकले आणि ते उतारावरच्या हलक्या जमिनीत, थोड्या मातीत आणि अनियमित पावसात तग धरून राहिले, एवढेच अनुमान करता येते. ज्या जमिनीत भात उभा राहू शकत नाही तेथे नाचणी उभी राहिली. म्हणून तिला जागा मिळाली.

दुसरी पायरी भाताची. भाताचा रानटी पूर्वज आशियाच्या दलदलीत हजारो वर्षे आपोआप उगवत होता आणि पिकलेला दाणा आपोआप गाळून टाकत होता. कारण दाणा झडणे हाच रानटी गवताच्या वंशवृद्धीचा मार्ग. मनुष्याला मात्र कापणीपर्यंत लोंबीला चिकटून राहणारा दाणा हवा. चीनमधील यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात तियानलुओशान येथे झालेल्या उत्खननात या स्थित्यंतराचा पुरावा पाहावयास मिळाला. सुमारे ६,९०० ते ६,६०० वर्षांपूर्वीच्या तीनशे वर्षांच्या अवधीत, न झडणाऱ्या दाण्यांचे प्रमाण तेथे शेकडा २७ वरून शेकडा ३९ पर्यंत वाढले. तीनशे वर्षांत शेकडा बाराची वाढ! शेतीचा शोध कोणा एका दिवशी कोणा एका बुद्धिमंताला लागला नाही. दरवर्षी थोडे अधिक चिकट दाणे पुढच्या पेरणीस गेले आणि वनस्पतीचा स्वभाव पालटत गेला. गंगेच्या खोऱ्यातही रानटी भात गोळा करण्याची आणि लावण्याची स्वतंत्र परंपरा होती. पूर्वेकडून आलेल्या माणसाळलेल्या भाताशी तिचा संकर सुमारे चार हजार वर्षांपूर्वी झाला आणि त्यातून आपल्याकडील भाताच्या बहुतेक जाती सिद्ध झाल्या, असे आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. पश्चिमेकडून, बलुचिस्तानातील मेहरगढच्या बाजूने, गहू आणि जव आले ते घाटमाथ्यावर थांबले. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे दीर्घकाळ उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या खेड्यात जवाबरोबरच पाणी वळवण्यासाठी घातलेला बांध आणि पाटही सापडला. घाटावर पाणी आणण्यासाठी बांध आणि कोकणात पाणी अडवण्यासाठी बांध, हा भेद पुढे कामास येईल.

भाताच्या कापणीनंतर पेण-रोह्याच्या खाचरांत जी ओल उरते तिच्यावर वाल पेरले जातात. पाटाचे पाणी नाही, खत बेताचेच, दव आणि जमिनीतील ओल एवढ्या भांडवलावर हे कडवे वाल माघापर्यंत शेंगांनी लगडतात. वालाचे रानटी नातलग आफ्रिकेत आढळतात, तर दक्षिण भारतातील प्राचीन वसाहतींच्या उत्खननांत त्याचे दाणे जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीच्या थरांपर्यंत सापडतात. तेव्हा हाही जुना मुशाफरच. रोह्याच्या बाजूला अलीकडे तिसरी एक गोष्ट घडली. मुळशीच्या धरणात अडवलेले, एरवी पूर्वेस भीमेकडे जावयाचे पाणी १९२७ पासून सह्याद्रीच्या पोटातून भिऱ्याच्या वीजघरात उतरू लागले. वीज करून झाल्यावर ते कुंडलिकेत आले, डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत शिरले, आणि जेथे चैत्रात जमीन भेगाळावयाची तेथे उन्हाळी भात उभे राहू लागले. या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला आणि मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात बुडाल्या, हे विसरता येत नाही. एका खोऱ्यातील लोक उठले आणि दुसऱ्या खोऱ्यात दुसरे पीक आले. स्थलांतराचा हिशेब नेहमी असा दुहेरी असतो.

आता माणसांकडे वळू. कुंडलिकेच्या मुखाजवळचे चौल हे बंदर ग्रीक लेखकांना सेमिल्ला आणि अरबांना सैमूर या नावांनी माहीत होते. अल् मसूदी हा बगदादचा इतिहासकार हिजरी ३०४ च्या सुमारास, म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभी, येथे आला तेव्हा सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेल्या सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती त्याने येथे नोंदली आहे. याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नवगावपाशी, फुटलेल्या जहाजातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचून किनाऱ्यास लागल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव ते शनिवार तेली या नावाने ओळखले गेले. पेणकर, रोहेकर, अष्टमकर अशी आडनावे त्यांनी घेतली, आणि पेणेस त्यांचे प्रार्थनामंदिर उभे राहिले. १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि तेथेही ती आडनावे व मराठी भाषा घेऊन गेली. दर्यावर्दी शोधाच्या कथेत ज्याला किनारा सापडतो तो त्या किनाऱ्याला आपले नाव देतो. या लोकांनी किनाऱ्याचे नाव स्वतः घेतले.

युरोपीयांचे आगमन साधारणपणे गामापासून मोजले जाते, परंतु चौलच्या बाबतीत तसे नाही. त्वेर नगरीचा अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विक्रीसाठी एक घोडा घेऊन १४६९ च्या सुमारास, म्हणजे गामाच्या सुमारे तीन दशके आधी, चौलला उतरला. तेथून तो खुष्कीच्या मार्गाने आठ दिवसांत पालीला, पुढे घाट चढून उमरीला आणि तेथून जुन्नरला पोहोचला, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. त्याची पाली ती सुधागड तालुक्यातील बल्लाळेश्वराचीच पाली, असे अभ्यासक मानतात. म्हणजे आजच्या रोहा-नागोठण्याच्या मुलखातून एका रशियन माणसाने घोड्याचा लगाम धरून पायपीट केली असली पाहिजे. निकितिनाच्या लेखनात मला मोलाचा वाटतो तो राजेरजवाड्यांच्या वैभवाचा भाग नव्हे. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि त्याच चिखलात लोक नांगरतात, गहू, भात आणि कडधान्ये पेरतात, हे त्या हिमप्रदेशातील माणसाने आश्चर्याने टिपले आहे. ज्या ऋतूत त्याच्या मते सर्व व्यवहार बंद पडावयास हवे, तोच ऋतू या देशात कामाचा, ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. ती त्याने चिखलात उभे राहून पाहिली. पावसापुढे त्याला जुन्नरला दोन महिने थांबावे लागले. तेथील खानाने त्याचा घोडाही काढून घेतला आणि तो मोठ्या रदबदलीने परत मिळाला. चौललगतच्या रेवदंड्यास आज त्याचे स्मारक आहे.

त्याच्यामागून आलेल्या पोर्तुगीजांना चिखलाचे कुतूहल नव्हते. त्यांना बंदर हवे होते. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या सुलतानाचे आरमार आणि पोर्तुगीज आरमार यांची झुंज झाली आणि व्हाइसरॉय अल्मेदाचा पुत्र लोरेन्सो तीत मारला गेला. पुढे निजामशाहीच्या संमतीने १५२१ मध्ये त्यांनी तेथे किल्ला बांधावयास घेतला, १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाचा दीर्घ वेढा परतवला, १५९४ मध्ये कोर्लईचा डोंगर घेतला, आणि १७४० मध्ये हे सर्व ठाणे मराठ्यांच्या स्वाधीन करून ते निघून गेले. इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन १६७४ मध्ये शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी रायगडाकडे निघाला तो चौलवरून कुंडलिकेच्या मार्गाने रोहा-अष्टमीस आला आणि पुढे गडाकडे गेला. या सव्वादोनशे वर्षांच्या धामधुमीचे मागे काय राहिले, असे विचारले तर रेवदंड्याची पडकी तटबंदी, कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत अद्याप बोलली जाणारी पोर्तुगीज-मिश्रित बोली, आणि प्रत्येकाच्या परसातील दोन-चार झाडे, असे उत्तर द्यावे लागेल. या तिहींत सर्वांत दूरवर पसरली ती झाडे.

अमेरिका खंडातून पोर्तुगीज जहाजांनी जी वनस्पतिसृष्टी हिंदुस्थानात आणली, तीत मिरची, काजू, अननस, पेरू, पपई, रताळे, तंबाखू अशी कितीतरी नावे येतात. बटाटा त्यांच्यामागून आला आणि शेतात रुळावयास त्याला अधिक काळ लागला. मिरची तर इतक्या वेगाने पसरली की, १५४२ मध्ये लेओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात तिचे चित्र देताना तिला कालिकतची मिरी म्हटले. कोलंबसाच्या सफरीला पुरी पन्नास वर्षे झालेली असता युरोपातील विद्वानाला ती हिंदुस्थानची वाटू लागली होती. व्यवहार एकमार्गी नव्हता. हिंदी महासागराच्या काठचा नारळ याच जहाजांतून अटलांटिकच्या काठी गेला आणि आंबा ब्राझीलला पोहोचला.

परंतु ही पिके येथे कोणत्या जागी बसली, हे पाहण्यासारखे आहे. भाताच्या खाचरात यांपैकी एकालाही प्रवेश मिळाला नाही. गुडघाभर पाण्याचे चार महिने सोसणे त्यांना शक्य नव्हते. वालाची ओलीवरची जागाही वालाचीच राहिली. काजू डोंगरउतारावर गेला, कारण खडकाळ वरकस जमिनीला नांगर लागत नाही आणि काजूला तो लागतही नाही. पपई, पेरू परसात गेले, जेथे न्हाणीचे सांडपाणी मिळते. मिरचीला वाफा मिळाला. म्हणजे शेतकऱ्याने परकी पिके नाकारलीही नाहीत आणि त्यांच्यासाठी आपली घडी मोडलीही नाही. जुन्या घडीतील मोकळ्या जागा त्याने ओळखल्या आणि पाहुण्याला तेथे बसवले. कोणाही राजसत्तेचा हुकूम या निवडीत चालला नाही. पोर्तुगीजांचा अंमल तर पेण-रोह्याच्या खाचरांवर कधी नव्हताही, आणि तरी त्यांची झाडे खाडी ओलांडून आली.

याचा प्रत्यय हिवाळ्यात या भागातील पोपटी पाहताना येतो. पौषाच्या थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या बांधावर संध्याकाळी मडके आणले जाते. तळाशी आणि कडेने भांबुर्ड्याचा हिरवा, उग्र वासाचा पाला दाबून बसवतात. त्यावर ओवा आणि जाडे मीठ चोळलेल्या शेंगा, मधून मधून बटाटे, रताळी, कोणी करांदे, कोणी अंडी, कोणी मसाला लावलेली कोंबडी, आणि वर पुन्हा भांबुर्ड्याचा बोळा. मग मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या आणि काटक्या पेटवतात. अर्ध्या तासाने जाणता माणूस बोटे बुडवून पाण्याचे शिंतोडे मडक्यावर उडवतो. ते चर्रकन् वाजून उडाले तर पोपटी झाली. पाण्याचा थेंबही न घालता पाल्याच्या आणि शेंगांच्या अंगच्या वाफेवर शिजलेल्या त्या जिनसांत रानातला पाला येथलाच, मीठ खाडीकाठच्या मिठागरातले, करांदा आशियाच्या जंगलातला, वाल चार सहस्र वर्षांपूर्वी स्थिरावलेला, बटाटा दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातला आणि रताळे त्याच खंडाच्या उष्ण प्रदेशातले. यात बटाटा वगळला तरी पोपटी होते. वाल आणि भांबुर्डा वगळून होत नाही. पाहुणा आणि यजमान यांचे नाते यापेक्षा स्पष्ट कोणत्या दफ्तरात लिहिलेले असणार नाही.

तिसरी पायरी उरली, ती खारेपाटाची. आणि येथे भूमीच मुळी नवी आहे. पेणच्या पश्चिमेस वाशी, वढाव, दादर या गावांकडे निघाले की दृष्टी पोहोचेल तोवर सपाट भातशेती दिसते, आणि तिच्या टोकाला माणसाच्या डोक्याएवढा किंवा त्याहून उंच मातीचा बांध आडवा पडलेला असतो. बांधापलीकडे कांदळवन आणि खाडी. भरतीच्या वेळी बांधावर उभे राहिले तर पलीकडचे पाणी अलीकडच्या शेताहून उंच आहे, हे डोळ्यांनी दिसते. नदीने वाहून आणलेला गाळ खाडीत साचावा, त्यावर कांदळ उगवावे, त्याच्या मुळांत आणखी गाळ अडकावा, आणि भरतीच्या साधारण पातळीपर्यंत तो चढला की मनुष्याने त्याला वेढा घालून समुद्राला म्हणावे, आता एवढे आमचे: या रीतीने ही जमीन तयार झाली. बाहेरचा बांध उधाणाच्या पाण्यासाठी, आतले लहान बांध पावसाचे पाणी धरण्यासाठी, आणि मधून मधून उघाड्या, म्हणजे ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडणारी व भरतीला आपोआप मिटणारी दारे, असे तिचे यंत्र.

केवळ बांध घातल्याने शेत होत नाही. मातीतील क्षार धुऊन निघावयास काही पावसाळे जावे लागतात. येथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो म्हणूनच ते शक्य होते. पावसाचे गोडे पाणी शेतात कोंडून धरावयाचे, त्यात विरघळलेला क्षार खाली आणि बाहेर जाऊ द्यावयाचा, मग उघाडीतून ते पाणी काढून पुन्हा नवे धरावयाचे. उन्हाळ्यात हेच उलट होते: मातीच्या सूक्ष्म रंध्रांतून खालचे खारे पाणी वर चढते, वाफ होऊन उडते आणि पृष्ठभागावर पांढरा थर मागे ठेवते. श्रावणात पावसाने पंधरा दिवस दडी मारली तरी क्षार वर येतो आणि भाताची पाती टोकाकडून करपू लागतात. म्हणून खारेपाटात नांगरणी-लावणीचा नेहमीचा क्रम सोडून मोड आणलेले बी चिखलात फोकण्याची रहू पद्धत चालत आली, आणि काळा राता, भुरा राता यांसारख्या तांबड्या दाण्याच्या, खारेपणा सोसणाऱ्या जाती राखल्या गेल्या. त्या कोणी शोधल्या हे अज्ञात आहे. ज्या लोंब्या करपल्या नाहीत त्यांचे बी पुढल्या वर्षासाठी ठेवले गेले, एवढीच त्यामागील विद्या, आणि ती यांगत्सेकाठच्या विद्येहून निराळी नाही. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून निघालेल्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती, आणि आज जगभर क्षारसहिष्णू भाताच्या संशोधनात काळा राता या जातीचा होणारा उपयोग, हे या जुन्या निवडीचेच उत्तराधिकारी.

ही जमीन कोणाच्या भांडवलावर उभी राहिली, याचा इतिहास दफ्तरांत आहे. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्यास पहिली काही वर्षे सारा माफ किंवा नाममात्र आणि पुढे पायरीपायरीने पूर्ण दरास पोहोचणारा, असा इस्ताव्याचा कौल देण्याची मराठी अमलातील वहिवाट प्रसिद्धच आहे. पेणच्या बाजूला या वहिवाटीतून शिलोत्री नावाचा स्वतंत्र हक्क उदयास आला. पैसा खर्चून बाहेरचा बांध घालणारा तो शिलोत्रीदार. सरकारसारा कुळाने भरावयाचा, आणि त्याखेरीज बिघ्यामागे एक मण भात शिलोत्रीदारास द्यावयाचे, त्याच्या मोबदल्यात त्याने बांध कायम दुरुस्त राखावयाचा. हा मण बांध राखण्याचा मोबदला होता. तथापि काळाच्या ओघात मण घेणे चालू राहिले आणि बांधाकडे पाहणे सुटले, अशी उदाहरणे वाढत गेली. खोत आणि सावकार यांच्या पिळवणुकीविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या खारेपाटातील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी न कसण्याचा जो संप केला, त्याची पार्श्वभूमी ही होती. कूळकायद्याने पुढे कूळ मालक झाले; पण बाहेरच्या बांधाचा मालक कोण, हा प्रश्न उरला. एकट्या शेतकऱ्याला मैलभर बांध राखता येत नाही. म्हणून १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने आणि नंतर १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने ही जबाबदारी सरकारकडे आली. सरकारच्या कामाचा वेग आणि उधाणाचा वेग सारखा नसतो. चिंबोऱ्यांनी पोखरलेल्या एका भोकातून पाणी झिरपू लागते, अमावास्येच्या उधाणाला त्याची खांड होते, आणि एका रात्रीत शेकडो एकर पुन्हा खाडी होतात. दोन-तीन वर्षे खांड बुजवली नाही तर त्या शेतात कांदळ उगवते, आणि एकदा कांदळवन उभे राहिले की ते तोडणे कायद्याने निषिद्ध; मग नकाशावर शेत आणि जागेवर वन, असा विचित्र प्रसंग ओढवतो. काही शेतकऱ्यांनी अशा बुडीत जमिनीत तळी करून जिताडा मासा वाढवला आणि नुकसानीतूनच नवे उत्पन्न काढले, हेही येथे सांगितले पाहिजे.

एकविसाव्या शतकात या जमिनीकडे पुन्हा एकदा नवी भूमी म्हणून पाहिले गेले, या वेळी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले आणि तेथील शेतकऱ्यांनी जमिनी देण्याविरुद्ध कौल दिला. मुंबई जवळ, बंदर जवळ, रस्ता आणि रेल्वे जवळ, या दृष्टीने पाहणाऱ्याला ती रिकामी सपाट जागा दिसते; ज्याने तिची उघाडी राखली आहे त्याला ती तशी दिसत नाही. यात कोणी अडाणी आणि कोणी द्रष्टा असे ठरवण्याची घाई करू नये. अर्थात, शेतीवर आज सर्व पिढी जगू शकत नाही, खारेपाटातील तरुण कारखान्यांत आणि मुंबईत जातात, कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघून जातात, आणि रोह्यापासून सुरू होणारी कोकण रेल्वे या स्थलांतराला नवी वाट देते, हे वास्तव दृष्टीआड करून जमिनीचे स्तोत्र गाण्यातही अर्थ नाही.

या तिन्ही पायऱ्यांवरून एक गोष्ट निघते. दर्यावर्दीचा शोध एका दिवसाचा असतो आणि त्या दिवसाची तारीख लिहिता येते. शेतकऱ्याचा शोध दरसाल नव्याने करावा लागतो, म्हणून त्याला तारीख नसते. निकितिनाला चौल एकदाच सापडले आणि पोर्तुगीजांना ते एकदाच गमावता आले; परंतु नाचणी प्रत्येक पावसाळ्यात पुन्हा उतारावर रुजवावी लागते, राता जातीचे बी प्रत्येक कापणीला पुन्हा निवडावे लागते, आणि खारेपाट प्रत्येक उधाणाला पुन्हा मिळवावा लागतो. त्यामुळे या जमिनीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न पहिल्यांदा कोण आला यावरून सुटत नाही आणि कागद कोणाच्या नावाचा यावरूनही पुरता सुटत नाही. शिलोत्रीदाराचा मण ज्या क्षणी बांधापासून तुटला त्या क्षणी त्याचा हक्क न्यायाने संपला होता, कायद्याने तो पुढे केव्हातरी संपवला. आज बांधाची जबाबदारी सरकारने घेतली आहे, आणि तीच कसोटी आता सरकारलाही लागू पडते: खांड वेळेवर बुजवणार असाल तर ही भूमी तुमच्या राज्यात आहे, नाही तर पुढल्या उधाणाला ती समुद्राच्या राज्यात जाईल.